म्युझस्कोरमध्ये लावलेली स्टाइल पुन्हा पुन्हा उडते? नेमकं कुठे बघायचं

लक्षणं ओळखीची आहेत. म्युझस्कोर या नोटेशन लिहायच्या प्रोग्रॅममध्ये एका गाण्याची फाइल मन लावून सजवली. शब्दांचा फॉन्ट बदलला, शीर्षक मोठं केलं, स्टाफमधलं (म्हणजे स्वर लिहायच्या पाच-पाच रेघांच्या पट्ट्यांमधलं) अंतर वाढवलं, कागद ए-४ केला. पुढच्या गाण्यासाठी नवी फाइल काढली तर सगळं मूळ पदावर. किंवा पूर्ण स्कोर (सगळ्या वाद्यांचं एकत्र नोटेशन) देखणा दिसतोय, पण क्लॅरिनेटचा पार्ट, म्हणजे त्या एका वाद्याची प्रत, काढला की त्यात जुनाच अवतार. किंवा रत्नागिरीत चार पानांत बसवलेलं गाणं वसईतल्या संगणकावर पाच पानांचं होतं, वर दुसऱ्या कडव्याची अक्षरं पहिल्यापेक्षा निराळी. "दादा, परवा तर तुम्ही सगळं लावून दिलं होतंत, आज परत गेलं," असा फोन येतो तो बहुतेक यातल्याच एखाद्या कारणाने.

कोकणपट्टीवर स्टाफ नोटेशन लिहिणारी माणसं थोडी आणि एकमेकांपासून लांब. वसईच्या चर्चमधले मराठी गायनवृंद, शाळांची बँडपथकं, वरातीत वाजवणारे ब्रास बँड, आणि नमन-भजनाच्या चाली हार्मोनियम किंवा व्हायोलिनसाठी उतरवून ठेवणारी हौशी मंडळी. समोर बसून दाखवणारं कुणी नसतं, दुरुस्ती फोनवर होते. यातले बरेच जण म्युझस्कोर वापरतात, कारण ते फुकट आहे. म्हणून खालचं सगळं म्युझस्कोर ४ धरून आहे. ही आवृत्ती डिसेंबर २०२२मध्ये आली, आणि आता ती म्युझस्कोर स्टुडिओ या नावाने दिसते. मेनूची नावं पडद्यावर इंग्रजीत असतात, ती इथे देवनागरीत लिहिली आहेत.

सेटिंग राहतं कुठे?

फॉन्ट, अंतर, जाडी, समास यांतलं काहीही बदललं की तो बदल चारपैकी एका जागी जाऊन बसतो. प्रोग्रॅमच्या प्रेफरन्सेसमध्ये, त्या एका स्कोरमध्ये, त्या स्कोरच्या एखाद्या पार्टमध्ये, किंवा थेट त्या एका शब्दावर वा चिन्हावर. स्टाइल उडाली असं जेव्हा वाटतं, तेव्हा ती सहसा उडालेली नसते. आपण एका जागी बदल केलेला असतो आणि शोधत असतो दुसऱ्या जागी.

यात सर्वांत फसवा आहे प्रॉपर्टीज पॅनलमधला 'सेव्ह ॲज डिफॉल्ट स्टाइल फॉर धिस स्कोर' हा पर्याय. एखादा शब्द निवडायचा, त्याचा फॉन्ट बदलायचा, बाजूच्या तीन ठिपक्यांवर टिचकी मारून हा पर्याय घ्यायचा. बदल त्या प्रकारच्या सगळ्या मजकुराला लागतो आणि काम झालं असं वाटतं. पण 'डिफॉल्ट' एवढंच वाचलं जातं, 'फॉर धिस स्कोर' नजरेतून सुटतं. हा बदल त्या एका गाण्यापुरता आहे. उद्याच्या फाइलला त्याची गंधवार्ताही नसते.

फॉरमॅट मेनूतली 'स्टाइल' ही मोठी खिडकीसुद्धा उघड्या स्कोरपुरतीच काम करते. ती दिसते एवढी भारदस्त की ती सगळ्या प्रोग्रॅमचीच आहे असा समज होतो.

नवीन फाइल दर वेळी कोरी उघडते

उपाय सरळ आहे. मनासारखा जमलेला स्कोर उघडा, फॉरमॅटमधून 'सेव्ह स्टाइल' घ्या. एमएसएस विस्ताराची एक छोटी फाइल तयार होते. तिला म्युझस्कोरच्या स्वतःच्या फोल्डरमध्येच ठेवा: डॉक्युमेंट्समध्ये म्युझस्कोर४ नावाचं फोल्डर असतं, त्यात 'स्टाइल्स' असतं, तिथे. मग प्रेफरन्सेसमध्ये 'स्कोर' या पानावर जाऊन डिफॉल्ट स्टाइलच्या जागी ही फाइल दाखवा. तिथेच पार्टच्या स्टाइलसाठी वेगळी जागा आहे. ती रिकामी सोडू नका, तिच्याकडे पुढे येतो.

एवढं करूनही काही आठवड्यांनी "परत गेलं" होतं, त्याची कारणं अशी.

प्रेफरन्सेसमध्ये स्टाइल साठवली जात नाही, फक्त फाइलचा पत्ता साठवला जातो. फाइल पेन ड्राइव्हवरून दाखवली आणि पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला, की पत्ता शिल्लक राहतो आणि घर जातं. फोल्डरचं नाव बदललं, फाइल दुसरीकडे हलवली, विंडोजने डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हखाली नेऊन ठेवलं, तरी तेच. पेन ड्राइव्ह हे फाइल पोचवायचं साधन आहे, ठेवायची जागा नाही.

दुसरं कारण, तिसऱ्या आवृत्तीवरून चौथीवर उडी. दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर सुखाने नांदतात, पण दोघींची फोल्डरं आणि प्रेफरन्सेस वेगळी. तिसरीत लावलेली डिफॉल्ट स्टाइल चौथीला ठाऊक नसते. जुनी एमएसएस फाइल चौथीत लोड करता येते, पण ती वेगळ्या आवृत्तीची आहे, स्कोर नीट दिसेलच असं नाही, अशी सूचना येते. ती सूचना गंभीरपणे घ्या. मधल्या काळात अंतरं मोजायची रीतच बऱ्याच ठिकाणी बदलली आहे. माझं मत विचाराल तर जुन्या फाइलवर ठिगळं लावण्यापेक्षा चौथीत एक संध्याकाळ बसून नवी स्टाइल बांधावी.

तिसरं कारण जास्त गोंधळात टाकतं. प्रेफरन्सेसमधली डिफॉल्ट स्टाइल फक्त नव्याने जन्मणाऱ्या स्कोरला लागते. आधीची फाइल उघडलीत तर ती स्वतःच्याच स्टाइलने उघडणार, आणि तसंच हवं. नाहीतर गेल्या नाताळची गाणी या नाताळात उघडली की दर वेळी वेगळी दिसली असती. जुन्या फाइलला नवी स्टाइल हवी असेल तर ती उघडून 'लोड स्टाइल' करावं लागतं. आवडलं नाही तर कंट्रोल-झेड आहेच.

आणि टेम्प्लेट. टेम्प्लेटमधून नवीन गाणं सुरू केलं की स्टाइल टेम्प्लेटची येते. टेम्प्लेट म्हणजे वेगळं काही नसून साधी स्कोर-फाइलच, फक्त 'टेम्प्लेट्स' फोल्डरमध्ये ठेवलेली. मोदकाच्या साच्यासारखं आहे हे, कळ्या साच्यात जशा कोरलेल्या तशाच उमटणार, उकड कितीही चांगली घ्या. म्हणून नवी स्टाइल ठरली की नेहमीची टेम्प्लेटं एकेक उघडून त्यांतही ती लोड करून सेव्ह करा. सोप्रानो-आल्टो-टेनर-बास अशी मांडणी दर आठवड्याला लागणाऱ्या गायनवृंदाने तर प्रेफरन्सेसच्या नादी न लागता थेट टेम्प्लेटच वापरावं. त्यात वाद्यं, शीर्षकाची चौकट, कागद आणि स्टाइल सगळं एकत्र येतं.

स्कोर बदलला, पार्ट बदलला नाही

बँडवाल्यांचा हा कायमचा त्रास. बँडमास्तरांसाठी पूर्ण स्कोर, आणि प्रत्येक वादकाला आपापला पार्ट. स्कोरमध्ये फॉन्ट बदलला आणि वीस पार्ट जसेच्या तसे राहिले.

प्रत्येक पार्टला स्वतःची स्टाइल असते. विश्वास बसत नसेल तर एखाद्या एमएससीझेड फाइलची, म्हणजे म्युझस्कोरच्या नेहमीच्या स्कोर-फाइलची, प्रत काढा, तिचा विस्तार बदलून झिप करा आणि उघडून बघा. ती आतून झिपच आहे. स्कोरची एक स्टाइल-फाइल सापडेल, आणि 'एक्सर्प्ट्स' नावाच्या फोल्डरमध्ये पार्टांचा वेगळा संसार, त्यात त्यांच्या वेगळ्या स्टाइल-फाइली.

हा दोष नाही, गरज आहे. बँडमास्तर पंधरा स्टाफ एका पानावर बघतो म्हणून तिथे स्टाफ बारीक लागतो. वादक एकच ओळ हातभर अंतरावरून, कधी चालता चालता वाचतो, त्याला मोठा लागतो. दोन्हींना एकच माप लावलं तर कुणातरी एकाची गैरसोय ठरलेली.

दुरुस्ती अशी. कोणताही एक पार्ट उघडा. त्या पार्टमध्येच असताना फॉरमॅटमधून 'लोड स्टाइल' करून पार्टसाठीची फाइल घ्या. मग 'स्टाइल' खिडकी उघडून 'अप्लाय टु ऑल पार्ट्स' हे बटण दाबा. मुख्य स्कोर समोर असताना या बटणाचा उपयोग नाही, त्यामुळे अनेकांना ते कधी भेटतच नाही. पुढच्या वेळेसाठी प्रेफरन्सेसमध्ये पार्टच्या स्टाइलची जागा भरून ठेवा. मात्र ती पार्ट तयार होताना लागते. आधीच तयार असलेले पार्ट तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

देवनागरी शब्द: इथे खरी मेख आहे

इंग्रजी गाणी लिहिणाऱ्याला हा भाग वाचायची गरज पडणार नाही. आपल्याला पडते, आणि माझ्या मते कोकणातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी इथूनच निघतात.

म्युझस्कोरचा मजकुराचा ठरलेला फॉन्ट एडविन. त्यात देवनागरी अक्षरं नाहीत. तरीही आपण 'सागर' टाइप केलं की 'सागर' दिसतं, कारण संगणक मागच्या दाराने दुसरा फॉन्ट आणून देतो. विंडोजवर तो निर्मला किंवा मंगल असेल, मॅकवर कोहिनूर, लिनक्सवर लोहित किंवा नोटो. प्रत्येकाची अक्षरं वेगवेगळ्या रुंदीची. आता गाण्याचे शब्द स्वरांच्या खाली बसतात, आणि शब्द रुंद झाला की वरचे स्वर एकमेकांपासून लांब सरकतात. स्वर सरकले की ओळीत मावणारी मापं (उभ्या रेघांमधले तालाचे खण) कमी होतात, एक माप खालच्या ओळीत जातं, आणि बघता बघता चार पानांची पाच पानं होतात. फाइलमध्ये एक अक्षरही बदललेलं नसतं. बदलला तो न सांगता आलेला फॉन्ट.

म्हणून फॉन्ट नाव घेऊन ठरवा. नोटो सेरिफ देवनागरी, मुक्ता, तिरो देवनागरी मराठी हे सगळे मोकळ्या परवान्याचे आहेत. फॉन्टची फाइल स्टाइलच्या फाइलसोबत दुसऱ्याला द्यायला अडचण नाही. यांपैकी मला तिरोचा मराठी अवतार आवडतो, कारण ल आणि श मराठी वळणाचे येतात. कुठलाही निवडा, पण आधी त्यात 'वाऱ्यावर' लिहून ऱ्याचा अर्धा र नीट येतो का, आणि 'ॲ' मोडत नाही ना, एवढं बघून घ्या.

लक्षात ठेवा, स्टाइल-फाइलमध्ये फॉन्टचं फक्त नाव जातं, फॉन्ट जात नाही. समोरच्याकडे तो बसवलेला नसेल तर पुन्हा मागचं दार. फॉन्ट बसवल्यावर म्युझस्कोर एकदा बंद करून उघडा. आणि ज्याला फक्त गायचं आहे, फाइलमध्ये काही बदलायचं नाही, त्याला एमएससीझेड पाठवूच नका. पीडीएफ पाठवा, तिच्यात फॉन्ट आत बसून जातो. नेटवर्क दोन काड्यांवर असलेल्या गावातही ती उघडते.

आता दुसऱ्या कडव्याचं कोडं. स्टाइल खिडकीत 'टेक्स्ट स्टाइल्स'च्या यादीत गाण्याच्या शब्दांच्या दोन नोंदी आहेत: विषम ओळींसाठी एक आणि सम ओळींसाठी एक. पहिलं, तिसरं कडवं एकीतून फॉन्ट घेतं, दुसरं, चौथं दुसरीतून. बहुतेक लोक पहिली नोंद बदलतात, पडद्यावर पहिलं कडवं बदललेलं दिसतं, आणि खिडकी बंद करतात. तीन कडव्यांचं गाणं असेल तर मधलंच तेवढं परकं दिसतं. दोन्ही बदला, मग स्टाइल सेव्ह करा.

त्या यादीतच प्रत्येक नोंदीपुढे अक्षराचा आकार स्टाफच्या आकारासोबत बदलावा की नाही, याची चौकट आहे. काही नोंदींना ती आधीच लागलेली असते, काहींना नसते. स्टाफ मोठा केल्यावर गाण्याचे शब्द वाढले आणि शीर्षक तेवढंच राहिलं तर कारण हेच.

एक जुनं दुखणंही सांगायला हवं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेले शब्द पुष्कळदा युनिकोडमध्ये नसतात. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यांवर चढवलेला एक खास फॉन्ट त्यांना देवनागरीसारखं दाखवतो. अशा फाइलवर नवी स्टाइल लोड केली की तो फॉन्ट निघून जातो आणि कडव्याच्या जागी अगम्य चिन्हांची रांग उभी राहते. घाबरून पुन्हा टाइप करत बसू नका. कंट्रोल-झेड करा, शब्द कॉपी करून युनिकोडमध्ये रूपांतरित करा, परत घाला, आणि स्टाइल त्यानंतर लावा.

स्वरांच्या खाली सारेगम लिहिणाऱ्यांसाठी

हार्मोनियमवाल्यांना स्टाफसोबत सारेगम लागतंच. ते स्टाफच्या खाली साध्या स्टाफ-टेक्स्टने लिहिलं जातं, आणि त्यासाठी म्युझस्कोरमध्ये 'यूझर-१', 'यूझर-२' अशा मोकळ्या टेक्स्ट स्टाइल आहेत. त्या जरूर वापरा. पण दोन गोष्टी सांभाळा.

या मोकळ्या स्टाइल आतून क्रमांकाने ओळखल्या जातात. तुमच्याकडे यूझर-१ म्हणजे सारेगम आणि मालवणच्या मित्राकडे यूझर-१ म्हणजे तालाचे बोल असतील, तर त्याची स्टाइल तुमच्या गाण्यावर लोड झाल्याबरोबर तुमचं सारेगम त्याच्या तबल्याच्या पोशाखात दिसू लागेल. ज्यांच्यासोबत फाइलींची देवघेव आहे त्यांनी क्रमांक आपसात वाटून घ्यावेत.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते. ही रेघ आपण सहसा तो एक 'ग' किंवा 'नि' निवडून अधोरेखित करून देतो, म्हणजे ती त्या एका शब्दावर हाताने केलेली सजावट ठरते. मग कधीतरी पान साफ करायच्या उत्साहात फॉरमॅटमधलं 'रीसेट टेक्स्ट स्टाइल ओव्हरराइड्स' दाबलं जातं आणि हाताने दिलेल्या रेघा पुसल्या जातात. फॉन्ट एकसारखा होतो आणि भैरवीचे कोमल स्वर शुद्ध होऊन बसतात. प्रोग्रॅमच्या दृष्टीने ती सजावट, आपल्या दृष्टीने तो राग. यावर उपाय म्हणजे कोमल स्वरांसाठी वेगळी यूझर स्टाइल करा, जिच्यात अधोरेखन स्टाइलमध्येच आहे. मग रीसेट कितीही वेळा करा, रेघ जागची हलत नाही.

स्टाइल लोड केली, पण काही ठिकाणी लागलीच नाही

वर सांगितलेल्या चार जागांतली ही शेवटची. ज्या शब्दाचा वा चिन्हाचा फॉन्ट, आकार किंवा जागा तुम्ही हाताने बदललीत, तो यापुढे स्टाइलचं ऐकत नाही. नव्याने शिकणारे सगळं हातानेच करतात, प्रत्येक शब्द निवडून, ओढून. अशा फाइलवर नंतर कितीही चांगली स्टाइल लोड केली तरी ती अर्धवटच लागते.

एखादाच प्रकार दुरुस्त करायचा असेल तर त्यातला एक घटक निवडा, उजव्या टिचकीने सारखे सगळे घटक निवडा, आणि प्रॉपर्टीजमध्ये त्या गुणधर्माच्या तीन ठिपक्यांतून डिफॉल्टवर परत न्या. फक्त जागा हललेल्या असतील तर निवडून कंट्रोल-आर पुरतं. 'रीसेट एंटायर स्कोर टु डिफॉल्ट लेआउट' हा शेवटचा उपाय. तो मूळ फाइलवर कधीच वापरू नये, प्रतीवर वापरावा.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी स्टाइल, मग ओळी कुठे तोडायच्या ते, आणि हाताची बारीक कारागिरी सगळ्यांत शेवटी. उलट केलं तर कारागिरी वाया जाते.

स्टाइल लोड केली आणि कागदच बदलला

हा प्रकार फाइल बाहेरून आली की होतो. सेव्ह केलेल्या स्टाइल-फाइलमध्ये तुम्ही बदललेलंच तेवढं नसतं, सगळंच असतं: कागदाचा आकार, समास, स्टाफचं माप. परदेशातल्या कुणाची छान स्टाइल घेतली की तिच्याबरोबर अमेरिकेचा लेटर कागदही येतो, २१६ बाय २७९ मिलीमीटरचा. आपला ए-४ आहे २१० बाय २९७. लेटरवर मांडलेली पानं झेरॉक्सच्या दुकानात 'फिट' करून ए-४वर काढली की रुंदी मावण्यासाठी सगळंच जवळजवळ तीन टक्क्यांनी आकसतं आणि खाली मोकळी पट्टी राहते. सात मिलीमीटरचा स्टाफ ६.८वर येतो. तरुणांना कळत नाही, गायनवृंदातल्या वयस्क मंडळींना लगेच कळतं.

साधा उपाय म्हणजे लोड केल्यावर 'पेज सेटिंग्ज'मध्ये जाऊन कागद आणि स्टाफ स्पेस तपासायचं. चौथ्या आवृत्तीत स्टाफ स्पेस (स्टाफच्या लगतच्या दोन रेघांमधलं अंतर) मूळचं १.७५ मिलीमीटर, म्हणजे पाच रेघांचा स्टाफ सात मिलीमीटर उंच. चष्मेवाल्यांसाठी १.९ ठेवून बघा.

पण हे दर वेळी करायचा कंटाळा येत असेल तर याहून चांगली युक्ती आहे. एमएसएस फाइल म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्ये उघडते. प्रत काढा आणि तीत पानाशी संबंधित ओळी, म्हणजे पेजविड्थ, पेजहाइट, छपाईची रुंदी, समास आणि स्टाफचं माप सांगणारी स्पेशियमची ओळ, काढून टाका. पानाची मापं तिथे इंचांत असतात, ए-४ असेल तर ८.२७ आणि ११.६९ असे आकडे दिसतील, त्यावरून जागा सापडते. अशी अर्धी फाइल लोड केली की जे तिच्यात आहे तेवढंच बदलतं, नसलेल्या गोष्टी स्कोरमध्ये होत्या तशाच राहतात. या रीतीने एक 'फक्त मजकूर' फाइल, एक 'फक्त पान' फाइल अशा करता येतात. मजकुराची फाइल गायनवृंद, बँड, हार्मोनियम सगळ्यांना एकच चालते, पानाची ज्याची त्याला. ओळ काढताना तिची सुरुवातीची आणि शेवटची कोनी कंसातली खूण दोन्ही जायला हव्यात, अर्धं राहिलं तर फाइल लोड होणार नाही.

संगीतचिन्हांचा फॉन्ट बदलला आणि रेघाही जाड झाल्या

स्टाइल खिडकीत 'स्कोर' या पानावर संगीतचिन्हांचा फॉन्ट निवडता येतो. मूळचा लेलँड, स्कोर नावाचा जुना नोटेशन प्रोग्रॅम लिहिणाऱ्या लेलँड स्मिथ यांच्या नावाचा. त्याच्या शेजारी 'फॉन्टनुसार स्टाइल आपोआप लोड करा' अशा अर्थाची चौकट असते. ती लागलेली असताना फॉन्ट बदलला तर त्या फॉन्टच्या शिफारशीप्रमाणे स्वरांच्या दांड्या, त्यांना जोडणारे बीम, मापरेघा यांच्या जाड्याही बदलतात. तुम्ही स्वतः ठरवलेल्या जाड्या अशा वेळी पुसल्या जातात. आधी चौकट काढा, मग फॉन्ट बदला.

दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या फाइली

ऑगस्ट २०२४मध्ये फिनाले या नोटेशन प्रोग्रॅमचा विकास थांबल्याचं जाहीर झालं आणि तेव्हापासून म्युझिकएक्सएमएल (एका प्रोग्रॅममधलं नोटेशन दुसऱ्यात नेण्याची फाइल) करून फाइली इकडे आणणारे वाढले. त्यांची ठरलेली तक्रार: प्रेफरन्सेसमध्ये स्टाइल लावली आहे, नव्या स्कोरला लागते, आणलेल्या फाइलला मात्र नाही. कारण आयात होणाऱ्या फाइलींसाठी प्रेफरन्सेसमध्ये 'इम्पोर्ट' हे निराळं पान आहे. तिथे मूळची स्टाइल की आपली स्टाइल-फाइल, हे वेगळं निवडावं लागतं. त्याच पानावर आयात मजकुराला एडविन लावण्याची चौकट आहे. देवनागरीवाल्यांनी ती काढून ठेवावी, आणि मूळ फाइलची मांडणी व पानतोड आणायची की नाही तेही तिथेच ठरवावं. माझा अनुभव, मांडणी आणू नये. स्वर आणि शब्द आले की पुरे, कपडे आपले घालावेत.

सिबेलियस या दुसऱ्या नोटेशन प्रोग्रॅममध्ये याच गोष्टीला हाउस स्टाइल म्हणतात, आणि आयात करताना त्यातलं काय काय घ्यायचं ते खुणा करून निवडता येतं, नोटपॅडची खटपट लागत नाही. डोरिको या आणखी एका प्रोग्रॅममध्ये लायब्ररी मॅनेजर आहे. तो दोन प्रकल्पांमधला फरक शेजारी शेजारी दाखवतो आणि हवं तेवढंच उचलू देतो. शिवाय बऱ्याच खिडक्यांत 'सेव्ह ॲज डिफॉल्ट'चं बटण आहे, आणि तिथे डिफॉल्ट म्हणजे यापुढच्या सगळ्या नव्या प्रकल्पांसाठी. गाणं मजकूर लिहून मांडायच्या लिलीपाँड या प्रोग्रॅमवाल्यांना तर स्टाइल ही वेगळी मजकूर-फाइलच ठेवायची असते, प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर तिला सामील करून घेणारी एक ओळ लिहिली की झालं. ती फाइल एकदा बदलली की सगळी गाणी पुढच्या वेळी तयार करताना बदलतात. सोय मोठी, पण छापून वाटलेल्या जुन्या पानांशी नवी पानं जुळेनाशी होतात. तेव्हा कार्यक्रम ठरला की त्या फाइलची प्रत त्या कार्यक्रमाच्या फोल्डरमध्ये वेगळी ठेवा आणि गाण्यांना तिच्याकडे वळवा. म्युझस्कोरवाल्यांनीही कार्यक्रमाच्या फोल्डरमध्ये गाण्यांसोबत तेव्हाची एमएसएस फाइल आणि फॉन्टची फाइल ठेवावी.